डाव्या बाजूचे आटे

तो : नाही, पाना नको अजून. आधी बोटांनी. दांडा ओढून काढायचा हा पुलर बोटांनी जितका आत जाईल तितका जाऊ दे.

ती : गेला. पुढे जात नाही आता.

तो : सरळ गेलाय? वाकडा नाही ना?

ती : सरळ आहे.

तो : बघू, जरा मागे सरक. हं. तरी एकदा काढ आणि परत घाल.

ती : अरे, तुला दिसतंय ना सरळ आहे ते?

तो : दिसतंय. पण मला जे दिसतं त्यावर माझाच विश्वास राहिलेला नाही. काढ, परत घाल.

आई : हे किती वेळा करणार? सकाळपासून एक दांडा निघेना तुमच्याच्याने. एवढ्या वेळात मी अख्खा स्वेटर उसवला असता.

तो : आई, पाय उचल. वायसर तुझ्या खुर्चीखाली गेलाय.

आई : माझ्या खुर्चीखाली काही नाही. आणि हळू बोला. तुमच्या लेकीचा, मुंगीचा, आत्ता कुठे डोळा लागलाय. उठली की आधी या सायकलीकडेच येणार.

तो : आजचा दिवस. संध्याकाळी सायकल विकली गेली की पॅसेज तिचाच आहे. लोळ म्हणावं हवी तशी.

ती : आता पाना लावू?

तो : लाव. मधला बोल्ट फिरव, हळूहळू. जड जाईल. एकदम जोर नको, रेटत राहा. माझा डावा हात प्लास्टरमध्ये नसता तर एव्हाना निघाला असता.

आई : डावखुऱ्या माणसाने पडावं तरी उजव्या अंगावर. तेवढंही कळत नाही याला.

तो : डावं पेडल निघालं तर माणूस डावीकडेच पडतो, आई. उतारावर उभा होतो मी पेडलवर. पायाखालची पायरी कुणी काढून घेतल्यासारखं झालं.

ती : हललं काहीतरी.

तो : टक्‌ आवाज आला? मग निघाला. धर, पडू देऊ नकोस. झालं. दे इकडे. हे बघ आई, याला क्रँक म्हणतात. पेडल ज्याच्या टोकाला बसतं तो हा दांडा. आणि हे भोक बघ. आत आटे असायला हवेत, स्क्रूला असतात तसे. बोट फिरव.

आई : गुळगुळीत आहे की.

तो : सगळे कापले गेले. दुकानदार म्हणाला, आत बुश, म्हणजे धातूची नळी, घालून नवे आटे पाडता येतात, पण ज्याच्यावर माणूस सगळं वजन टाकून उभा राहणार तिथे असं जोडकाम नको. नवा दांडा घ्या. मग म्हणाला, हे झिजून गेलेलं नाही, कुणीतरी पेडल वाकडं घालून वर जोर लावलाय. मी म्हटलं, कुणीतरी म्हणजे कोण, मीच.

ती : तू असं त्याला सांगितलंस?

तो : मग काय सांगू? घरात दुसरं कोण हात लावतं सायकलला? शनिवारी रात्री मुंगीला दात येत होते, तू आणि मी आळीपाळीने तिला घेऊन फिरत होतो. मधेच कधीतरी मी पेडलं लावून ठेवली. अर्धवट झोपेत. मला आठवतंयसुद्धा.

ती : काय आठवतंय?

तो : पाना हातात आहे, मुंगी खांद्यावर आहे. असं काहीतरी. का?

ती : काही नाही. आता त्या चौकोनी भागाचं काय करू?

तो : फडक्याने पूस. कोरडा कर अगदी. त्याच्यावर नवा दांडा बसेल.

आई : मला एक सांग, ती पेडलं दर वेळी काढायची अन्‌ लावायची भानगड मुळात हवी कशाला? शेजारच्यांची सायकल जिन्याखाली असते, पेडलांसकट.

तो : ते हिला विचार.

ती : मुंगी चालायला लागली तेव्हा पेडल बरोबर तिच्या कपाळाच्या उंचीवर यायचं. एकदा डोळ्याच्या कडेला लागलं होतं, तुम्ही गावाला होतात तेव्हा. मग मीच म्हटलं, सायकल घरात राहणार असेल तर पेडलांशिवाय.

तो : आणि मीही ऐकलं. चूक नव्हती त्यात काही. काढायचा-लावायचा प्रश्न नव्हता, नीट लावायचा होता. फोन वाजतोय माझा. सायकल घेणाराच असणार, संध्याकाळचा. इथे आवाज तुटतो, मी गॅलरीत जातो. तोपर्यंत हात लावू नका कशाला.

ती : बरं.

आई : लाव गं तू. हा येऊन परत चारदा काढायला लावेल.

ती : नको आई. तो म्हणाला ना, थांबा.

आई : तुला येतं. त्या दिवशी लावलंसच की.

ती : काय?

आई : अशी बघू नकोस माझ्याकडे. मी पाणी प्यायला उठले होते. तू इथेच उकिडवी बसली होतीस, दिवा न लावता. मोबाइल दातांत धरला होतास, त्याच्या उजेडात.

ती : तुम्ही बोलला नाहीत काही.

आई : त्या वेळी काय बोलायचं? मला वाटलं, नवऱ्याला जरा झोपू देतेय पोरगी. बरं वाटलं.

ती : आणि नंतर? तो प्लास्टर घालून घरी आल्यावर?

आई : नंतर तू बोलली नाहीस. मग मी म्हटलं, हिला बोलायचं नसेल. सुनेच्या ओठावर आलेला शब्द सासूने ओढून काढू नये.

ती : मला वाटत होतं, कुणालाच माहीत नाही.

आई : आणि अजूनही नाही, असंच धर. हे बघ, तो सायकल घेऊन डोंगरावर गेला की परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला. तुझाही. रविवारी आपण दोघी एकमेकींना न सांगता गॅलरीत चकरा मारतो. तू कपडे वाळत घालायचं सोंग करतेस, मी कुंड्यांना पाणी घालायचं. ती बिचारी झाडं कुजायला आली. आता त्याचा तोच विकतोय तर विकू दे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ती : मलाही तेच वाटलं होतं. पहिले दोन-तीन दिवस. त्याचं मनगट बघून वाईट वाटायचं, आणि त्याच वेळी आतून हायसं वाटायचं. सुटलो एकदाचे, असं.

आई : मग?

ती : काल त्याने मुंगीचं पाणी काढलं. एका हाताने. विसणलं, कोपर घालून बघितलं, परत बघितलं, मग मला हाक मारली. मी हात घातला, छान कोमट होतं. तर म्हणाला, तूच घाल आंघोळ, माझा भरवसा नाही.

आई : हात प्लास्टरमध्ये आहे म्हणून म्हणाला असेल.

ती : नाही. जिन्यावरून तो तिला उतरवत नाही आता, उजव्या हातानेही नाही. गॅस बंद करतो, आणि परत जाऊन बघतो. दाराची कडी बघतो. तिला औषध द्यायचं तर बाटली माझ्यापुढे धरतो आणि विचारतो, हीच ना? त्याला वाटतंय आपण काहीतरी करून बसतो आणि आपल्याला कळत नाही.

आई : जाईल हळूहळू.

ती : कसं जाईल? त्याला कारणच सापडलेलं नाही.

आई : आणि सांगितलंस तर? त्याचा स्वतःवरचा भरवसा परत येईल कशावरून? तुझ्यावरचा मात्र नक्की जाईल. हे मी सासू म्हणून सांगत नाही, बाईमाणूस म्हणून सांगते.

ती : माझ्यावरचा गेला तर निदान तो का गेला ते त्याला माहीत असेल.

आई : बघ बाई. आला तो.

तो : लवकर येतोय म्हणे. इकडेच निघालाय. चला, आटपू या. लावला नाहीत ना?

ती : नाही.

तो : तो नवा दांडा घे. चौकोनात चौकोन बसव, पेडलचं टोक खाली. मी चाक गुडघ्यात धरतो. हाताने दाब. आता बोल्ट. आता पाना, आणि इथे मात्र लाव जोर. अजून. अजून थोडा. बास. हलवून बघ.

ती : अजिबात हलत नाही.

तो : मीही बघतो. नाही हलत. तू परत एकदा बघ.

ती : मी बघितलंय. तूही बघितलंयस. बसलाय.

तो : बरं. आता पेडलं. उजवं आधी, ते सोपं आहे. आट्यांना ग्रीसचं बोट लाव. बोटांनीच फिरव. झालं? आता डावं. डाव्याचे आटे उलटे असतात. सगळं जग ज्या दिशेला आवळतं, त्याच्या विरुद्ध हे आवळायचं.

आई : असं उफराटं कशाला करून ठेवलंय?

तो : नाहीतर चालवता चालवता आपोआप सैल होईल, म्हणून. म्हणून पेडलं वेगळी असतात. डावं उजवीकडे बसत नाही, उजवं डावीकडे बसत नाही. बसवायचं म्हटलं तर आत जरासं जातं, पण आटे कापत जातं.

ती : हो.

तो : आणि मला सगळ्यात काय खातंय सांगू? आटे कापले जातात तेव्हा कीस पडतो. चिमूटभरच, पण चमकतो. या काळ्या फरशीवर तो दिसायलाच हवा होता. मी त्या सकाळी इथूनच सायकल ढकलत नेली, आणि मला दिसला नाही. त्याच फरशीवर मुंगी दिवसभर असते. तिने उचलून तोंडात घातला असता म्हणजे? मनगटाचं सोड, ते भरून येईल. पण हे मला दिसलं कसं नाही?

ती : नव्हता कीस.

तो : नसून कसं चालेल? धातू आहे, कापला की पडणारच.

ती : पडला होता. तू उठलास तेव्हा नव्हता. मी ओल्या फडक्याने पुसला होता.

तो : कधी?

ती : तू उठायच्या आधी. पेडलं मी लावली. तू नाही.

(ती हातातलं पेडल फरशीवर ठेवते.)

तो : मी लावली होती. मला आठवतंय.

ती : तुला आठवत नाही. हॉस्पिटलात तू मला विचारलंस, रात्री पेडलं मीच लावली होती ना. मी हो म्हणाले. त्यानंतर तुला आठवायला लागलं.

तो : थांब. एक एक सांग. आधी कुठलं लावलंस?

ती : उजवं. डाव्या बाजूला. मला माहीतच नव्हतं वेगळी असतात ते. लागेना, म्हणून पान्याने जोर लावला. करकर आवाज आला. मग दुसरं पेडल उजवीकडे काही केल्या जाईना, तेव्हा कळलं की उलटसुलट झालंय. पहिलं काढलं, अदलाबदल केली, परत आवळलं. डावं जरा ढिसाळ वाटलं, मग गच्च बसल्यासारखं झालं. दिसायला नीट होतं सगळं.

तो : मला उठवायचं.

ती : तू रात्रभर झोपला नव्हतास. म्हटलं, तयार करून ठेवू, लवकर जाशील, लवकर परत येशील. मला तेवढंच हवं असतं रविवारी. आणि मी खिळा ठोकला की तू महिनाभर हसतोस. म्हटलं, याला कळायला नको.

तो : आणि तो कीस?

ती : तेच तर. चमकताना दिसला आणि पहिल्यांदा मनात आलं, मुंगी तोंडात घालेल. फडकं ओलं केलं, पुसलं, परत पुसलं, हात फिरवून बघितलं. एवढी काळजी घेतली. हा कीस जिथून आला तिथे तू पाय ठेवणार आहेस, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. रोज ते आठवून बघते मी. खरंच आलं नाही.

तो : म्हणजे ती चूक होती.

ती : ती चूक होती. हॉस्पिटलात हो म्हणाले ती चूक नव्हती. ते मी कळून म्हणाले.

तो : का?

ती : आधी भीतीने. मग तू म्हणालास, आता बाप झालो, हे खेळ पुरे, विकून टाकतो. मग भीतीने नाही. मला तेच हवं होतं म्हणून.

तो : मी गॅस परत परत बघत होतो.

ती : हो.

तो : तू तिथेच असायचीस. ओट्याशी.

ती : हो.

तो : काल मी ते पाणी तुझ्या हवाली केलं. माझ्या मुलीला मी भाजवेन असं मला वाटत होतं, आणि तू हात घालून म्हणालीस, ठीक आहे पाणी. एवढंच म्हणालीस.

ती : एवढंच म्हणाले.

आई : हे बघ रे, एकटी तीच नाही यात. मी पाहिलं होतं तिला त्या पहाटे.

तो : तुला माहीत होतं? दोघींनी मिळून?

आई : मिळून नाही. आपापलं. तिने तिच्या मनात ठेवलं, मी माझ्या. आज तू गॅलरीत गेलास तेव्हा पहिल्यांदा बोललो. आणि मी तिला गप्प राहा म्हणून सांगत होते, तेही ऐकून ठेव.

तो : छान. म्हणजे या घरात मी सोडून सगळ्यांना माहीत होतं. मुंगीलाही असेल, तिला बोलता येत नाही म्हणून वाचली.

ती : तुला जे बोलायचंय ते बोल. माझ्याशी बोल.

तो : काय बोलू? मला धड रागवताही येत नाहीये. आत कुठेतरी इतकं हलकं वाटतंय की लाज वाटते. आणि लगेच तुझ्याकडे बघितलं की ते जातं.

ती : माझंही तसंच होत होतं. उलट्या बाजूने.

तो : ते पेडल उचल.

ती : तू लाव. मी धरते.

तो : माझा हात कुठाय? तूच लाव. बोटांनी. पुढच्या चाकाकडे फिरव. हां. कसं जातंय?

ती : लोण्यात गेल्यासारखं.

तो : असंच जायला हवं. अडलं तर जोर लावायचा नसतो, थांबायचं असतं. थांबून मला विचारायचं. रात्री, पहाटे, केव्हाही.

ती : हो.

तो : आता पाना. बास, एवढंच.

ती : बघायचंय तुला हलवून?

तो : नको. तू लावलंस, मी बघत होतो. बसलंय.

आई : खाली कुणीतरी गाडी लावतंय. तुझा तोच असेल, सायकलवाला.

तो : गॅलरीतून त्याला खूण कर, आई. आज नको म्हणावं.

आई : मग कधी ये म्हणू?

तो : आज नको एवढंच सांग.

ती : मी काही म्हणणार नाही. विकायची असेल तर विक, ठेवायची असेल तर ठेव.

तो : तुला भीती वाटते ते मला माहीत होतं. एवढी वाटते ते नव्हतं. ते तू सांगायला हवं होतंस. त्याच्यावर भांडलो असतो आपण, आणि मी कदाचित हरलोही असतो.

ती : आता भांडू?

तो : आता नाही. आता मला तुझ्याशी काही दिवस नीट बोलता येईल का, तेच माहीत नाही.

ती : बरं.

आई : गेला तो. हात हलवून गेला, त्याला वाटलं मी नमस्कार केला. आणि मुंगी उठलीय, ऐका. पाणी तापलंय तिचं.

ती : मी बघते.

तो : थांब. मी काढतो पाणी.

ती : विसणून झालं की हाक मार, मी येऊन...

तो : हाक नाही मारणार. आई, तू फक्त तिला धरायला ये, मला एकच हात आहे.

ती : मग मी काय करू?

तो : ही पेडलं काढून ठेव. आंघोळ झाली की ती इथेच पळत येणार. आणि फरशीवर काही पडलेलं दिसलं तर पुसू नकोस. मला दाखव आधी.